एक्केचाळीस हाका

एकदा एका शिष्येने फक्त एक ओळ लिहून तीनशे बारा ओळींची तोंडे फिरवली, आणि त्या फिरलेल्या तोंडांमुळे एका माणसाची हाक भिंतीआड राहिली. त्या शिष्येची आणि तिच्या वृद्ध गुरूंची ही गोष्ट.

शिष्येचे नाव वृंदा. वय बत्तीस. शहराच्या टोकाला एका खोलीत ती राहत असे आणि तिथेच बसून काम करत असे. यंत्रे चालवणारे जुने प्रोग्रॅम सांभाळणे हा तिचा व्यवसाय होता. चार वर्षांत तिने सहकारी असा पाहिलाच नव्हता. कामे पत्राने येत, पत्राने जात. कधीकधी सलग तीन दिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे, आणि चौथ्या दिवशी दूधवाल्याशी बोलताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटे.

तिच्याकडच्या कामांत एक काम गुरूंकडून आलेले होते. द्राक्षांच्या मुलखात, एका तालुक्याच्या गावाबाहेर मोठे शीतगृह होते. तिथल्या यंत्रांवर देखरेख करणारा प्रोग्रॅम गुरूंनी एकोणीस वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिला होता. म्हातारपणी डोळे थकले तेव्हा त्यांनी तो वृंदाच्या हाती सोपवला. त्यांची हीच एक शिष्या टिकली होती.

हा प्रोग्रॅम बोलका होता. खोली एक, तापमान चार. खोली दोन, दार उघडे. कॉम्प्रेसर बंद. अशी वाक्ये तो शीतगृहाच्या देखरेखीच्या खोलीत ठेवलेल्या पडद्यावर छापत असे. सी भाषेत छापण्यासाठी 'प्रिंटएफ' नावाची आज्ञा असते. ती आज्ञा प्रोग्रॅममध्ये तीनशे बारा ठिकाणी आली होती.

मालकांचे मुख्य कार्यालय शहरात होते. एका पावसाळ्यात तिथून वृंदाला पत्र आले: इथून पुढे सगळ्या नोंदी आमच्याकडे एका फाइलमध्ये यायला हव्यात, दोन दिवसांत करून द्या.

तीनशे बारा ओळी एकेक करून बदलणे हे मोठे काम होते. पण गुरूंनी तिला शिकवलेली एक युक्ती होती. सी भाषेचा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत जाण्याआधी प्रीप्रोसेसर नावाची एक पायरी लागते. तिला अर्थ कळत नाही, फक्त अक्षरे कळतात. 'जिथे हा शब्द दिसेल तिथे तो शब्द लिही' एवढी सूचना तिला देता येते. या सूचनेला मॅक्रो म्हणतात. वृंदाने सर्वांत वर एक मॅक्रो लिहिला: जिथे प्रिंटएफ दिसेल तिथे माझी 'नोंद पाठव' ही आज्ञा घाल.

एक ओळ. अकरा मिनिटांचे काम. खालच्या तीनशे बारा ओळींतले एक अक्षरही हलले नाही, पण त्यांचे सगळे बोलणे पडद्याऐवजी शहरातल्या फाइलकडे वाहू लागले. वृंदाने तपासून पाहिले, फाइल भरत होती. तिला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावेसे वाटले. तिने फोन हातात घेतला, नावांची यादी वरून खालपर्यंत पाहिली, आणि फोन परत ठेवला.

माघ महिना उजाडला. मुख्य कार्यालयाचे पत्र आले. शीतगृहात अपघात झाला होता. दस्तगीर मुलाणी नावाचा जुना कामगार दुपारी तीन नंबरच्या खोलीत माल पाहायला गेला आणि दार मागे बंद झाले. ही खोली गोठवलेल्या वाटाण्याची, शून्याखाली अठरा अंश. आतून दार उघडायच्या कड्यावर बर्फ धरला होता. तो तास-सव्वा तास आत अडकला. माल भरायला आलेल्या एका ट्रकचालकाने दार उघडले म्हणून जीव वाचला, पण डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरे कापावी लागली. विम्यासाठी त्या दिवसाच्या नोंदी आमच्या फाइलमधून काढून पाठवा, असे पत्रात म्हटले होते. शेवटी एक वाक्य होते: देखरेखीच्या खोलीत त्या वेळी हजर असलेला कामगार निवृत्ती साळुंखे यास निष्काळजीपणाबद्दल कामावरून काढण्यात आले आहे.

वृंदाने फाइल उघडली. दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी एक ओळ होती: खोली तीन, आत माणूस आहे. तिच्याखाली तीच ओळ. पुन्हा तीच. तिने मोजल्या. एक्केचाळीस.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक चमत्कारिक खूण होती. ती वृंदाने ओळखली. सी भाषेत एक अक्षर असे आहे, जे दिसत नाही, वाजते. ते पडद्याकडे गेले की संगणकाची घंटी होते. थंड खोल्यांच्या आत भिंतीवर तांबडे बटण होते. ते दाबले की 'आत माणूस आहे' ही ओळ पडद्यावर उमटे आणि तिच्या पोटातल्या त्या अक्षराने देखरेखीच्या खोलीतला भोंगा वाजे. गुरूंनी ती सोय प्रिंटएफच्या एका ओळीत बसवली होती. पण फाइल वाजत नाही. फाइलकडे वळवलेली घंटी निमूट अक्षर होऊन पडून राहते. देखरेखीच्या खोलीतला पडदा कोरा पडला होता, पण नोंदी आता शहरात जातात हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते; भोंगा मात्र भिंतीवर जिथल्या तिथे होता. पाहणाऱ्याला तो चालूच आहे असे वाटे.

वृंदाने नोंदी पाठवून दिल्या. त्या कुणी वाचल्या नाहीत. कड्यावर बर्फ होता, विमा मंजूर झाला, प्रकरण मिटले. तिच्यावर कुणी बोट ठेवले नाही, कारण बोट कुठे ठेवायचे हे जगात तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

असे वीस दिवस गेले. ती गुरूंना पत्र लिहायला घेई आणि फाडून टाकी. पोळी करायला घेई आणि पीठ तसेच झाकून ठेवी. दुपारी बरोबर एक बावीसला तिची नजर घड्याळाकडे जाई. एकविसाव्या दिवशी ती उठली आणि न कळवता गुरूंच्या गावी जाऊन उभी राहिली.

गुरू डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा गावात एकटे राहत होते. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली होती. दाराशी वृंदा दिसताच त्यांनी तिला आत घेतले, पाणी दिले, आणि ती सांगत गेली तसे ते डोळे मिटून ऐकत राहिले. तिचे सांगून झाले. 

मग गुरूंनी विचारले, "त्या एक्केचाळीस ओळी बरोबर आणल्या आहेस?"

"संगणकात आहेत, सर."

"बसस्टँडसमोर छपाईचे दुकान आहे. कागदावर छापून आण."

वृंदाला वाटले, थकल्या डोळ्यांना पडदा सोसत नसेल, सर कागदावर तपासणार असतील. ती छापून घेऊन आली. गुरूंनी कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. घडी घालून तो तिच्याच हातात दिला, खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, "चल."

"कुठे?"

"दस्तगीरभाईंच्या घरी. साडेतीन तासांची वाट आहे. पुढची गाडी पाऊण तासाने सुटते."

गाडीत ती खिडकीशी बसली होती. द्राक्षांचे मांडव लागले, संपले, पुन्हा लागले. तिने दोनदा विचारले, "सर, तिथे जाऊन काय करायचे?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "वाचायचे."

दस्तगीर मुलाणींचे घर गावाच्या कडेला होते. ते अंगणात बाजेवर बसले होते. डाव्या हाताला पट्टी होती. शीतगृहात प्रोग्रॅम बसवला तेव्हापासून ते गुरूंना ओळखत; पाहताच उठू लागले.

"साहेब! एवढ्या लांबनं? मला सांगावा धाडायचा की."

"बसा, दस्तगीरभाई. ही माझी शिष्या, वृंदा. शीतगृहाचा प्रोग्रॅम आता हिच्याकडे आहे. तिला तुम्हाला काही वाचून दाखवायचे आहे. एवढे ऐका, मग आपण बोलू."

वृंदाने गुरूंकडे पाहिले. "सर, हे वाचून काय होणार? त्यांनी ते भोगलंय."

"वाच."

तिने कागद उलगडला. "एक वाजून बावीस मिनिटे, चाळीस सेकंद. खोली तीन, आत माणूस आहे." तिने बोट पुढच्या ओळीवर नेले. "एक बावीस, त्रेपन्न सेकंद. खोली तीन, आत माणूस आहे. एक तेवीस, दोन सेकंद. खोली तीन, आत माणूस आहे."

दस्तगीरभाईंना आधी काही समजले नाही. पाचव्या ओळीला त्यांनी मान वर केली. नवव्या ओळीनंतर वेळेत मोठा खंड होता. वृंदा थांबली.

"तवा मी दार ठोकत होतो," ते हळूच म्हणाले. "फळकूट घावलं होतं एक. वाचा."

तिने वाचले. सतरा, अठरा, एकोणीस. घरातून त्यांची बायको येऊन उंबऱ्यावर उभी राहिली होती. तेहतिसाव्या ओळीनंतर नऊ मिनिटांचा खंड होता.

"इथं खाली बसलो. म्हटलं, आता कशाला? मग थोरल्या पोरीचं तोंड डोळ्यापुढं आलं. उठलो परत."

"दोन वाजून एकोणतीस मिनिटे, अकरा सेकंद. खोली तीन, आत माणूस आहे." वृंदाने कागद खाली केला. "ही शेवटची."

"व्हय. ती कोपरानं दाबली. बोटं उचलत नव्हती."

 मग दस्तगीरभाईंनी सावकाश विचारले, "म्हंजे बटन चालू होतं?"

"हो."

"मी एवढ्या येळा दाबलेलं सगळं लिवलेलं हाय?"

"सगळं."

त्यांचा चेहरा कठीण झाला. "मग निवृत्तीनं एवढ्या येळा घंटी ऐकली, आन् उठला न्हाई. चौदा वर्सं एका डब्यात जेवलो आमी. मला वाटत होतं बटन मेलं आसंल. मनाला तेवढाच आधार होता बघा, म्याडम."

तेव्हा वृंदाला कळले की हा कागद अर्धाच वाचून झाला आहे. गुरू समोर बसले होते, पण तिच्या मदतीला आले नाहीत.

"घंटी वाजली नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. बटण चांगलं होतं, तार चांगली होती. ऑगस्टमध्ये मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. त्याच्यामुळे तुमची हाक शहरातल्या फाइलमध्ये जात होती. तिथे घंटी नाही, आणि ती फाइल कुणी उघडत नव्हतं. निवृत्तीभाऊ भोंग्यासमोरच बसले होते, तरी त्यांना काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. चूक माझी आहे."

दस्तगीरभाईंनी विचारले, "हे तुमाला कवा कळलं?"

"वीस दिवस झाले."

"वीस दिवस." ते उभे राहिले. आवाज चढला नव्हता, तरी वृंदाला तो सोसेना. "बोटांचं मी कुनाला काय म्हनत न्हाई. आमचं कामच तसलं. पर म्याडम, त्यो तीनदा ह्या दारात आला. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली त्यानं, की घंटी न्हाई वाजली. मी तोंड फिरवलं. सगळं गाव त्याला झोपाळू म्हनतंय. त्याची रोजी गेली. तुमी एक शब्द बोलला असता तर?"

  क्षमा मागायचे शब्द वृंदाच्या तोंडाशी आले होते, पण या प्रश्नापुढे ते तिला फार सोयीचे वाटले.

दस्तगीरभाईंनी बायकोला म्हटले, "चपला दे." तिने विचारले, कुठे. "निवृत्तीकडं." मग वृंदाकडे वळून हात पुढे केला. "त्यो कागद द्या." कागद खिशात घालून, पाहुण्यांना तसेच सोडून, पट्टीचा हात छातीशी धरून ते भरभर रस्त्याला लागले.

त्यांची बायको थोडा वेळ त्या वाटेकडे पाहत राहिली. "महिनाभरात पहिल्यांदा घराभायेर पडलं मानूस," ती म्हणाली. मग पदर सावरून आत वळली. "बसा. च्या टाकते." रागही नाही, माया पण नाही. चहा झाला. दोघांनी तो घेतला.

परतीच्या वाटेवर, थांब्यावर गाडीची वाट पाहत असताना वृंदाने विचारले, "सर, तुम्ही त्यांना दोन वाक्यांत सांगू शकला असता. मला ते सगळं एकेक करून का वाचायला लावलंत?"

गुरू काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "वृंदा, मॅक्रोत दोष नाही. मीच तुला तो शिकवला. पण प्रीप्रोसेसरला अक्षरे कळतात, अर्थ कळत नाही. 'तापमान चार' आणि 'आत माणूस आहे' ही दोन्ही वाक्ये त्याच्या लेखी सारखीच. अर्थ कळणारी तू होतीस. तीनशे बारा ओळींची दिशा तू एका फटक्यात बदललीस, पण त्यांतली एकेक ओळ आजवर कोण ऐकत होते, हे तू पाहिले नाहीस. छापलेल्या ओळीचे एक टोक प्रोग्रॅममध्ये असते, दुसरे कुणाच्या तरी कानाशी. दुसरे टोक सुटले तर प्रोग्रॅमला कळत नाही. तो आपला बोलतच राहतो. त्या एक्केचाळीस हाका फाइलमध्ये सुखरूप पोचल्या होत्या, माणसापर्यंत एकही पोचली नव्हती. उशिरा का होईना, एकेक करून त्या पोचवायला हव्या होत्या. आणि त्या तुझ्याच आवाजात पोचायला हव्या होत्या."

मग ते म्हणाले, "त्यात माझीही चूक आहे. जिवाची हाक मी तापमानाच्या आकड्याबरोबर एकाच वाटेने पाठवली. तिला स्वतःची वेगळी तार द्यायला हवी होती. कोणत्याही प्रोग्रॅमच्या हातात ती द्यायलाच नको होती. एकोणीस वर्षे ती वाजत राहिली, म्हणून मी स्वतःला शहाणा समजत राहिलो. तू सांगायला आली नसतीस तर तसाच मेलो असतो. आज मीही ऐकायलाच आलो होतो."

पुढचे थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच दिवशी वृंदाने मालकांना सगळे लिहून कळवले, आणि लिहून भागणार नाही असे वाटून फोनही केला.  निवृत्ती साळुंखेला आठवड्याच्या आत कामावर परत घेतले गेले. थंड खोल्यांच्या बटणांना प्रोग्रॅमशी संबंध नसलेली स्वतंत्र तार बसली. वृंदाने मॅक्रो ठेवला, पण त्यातली आज्ञा अशी बदलली की प्रत्येक ओळ शहरातही जाईल आणि देखरेखीच्या खोलीतल्या पडद्यावरही उमटेल. हे काम तिने त्या खोलीत बसून केले. कोण कुठे बसतो, कुणाला काय दिसते आणि कुणाला काय ऐकू येते, हे विचारत विचारत केले. ते संपल्यावर मालकांनी तिच्याकडून प्रोग्रॅम काढून घेतला. ती नाही म्हणाली नाही. दस्तगीरभाईंनी तिला क्षमा केली की नाही, हे तिला कधी कळले नाही. त्या दोन मित्रांनी एकमेकांना काय सांगितले, तेही तिच्यापर्यंत आले नाही. येण्याचे कारणही नव्हते.

मला सांगायची आहे ती त्याच संध्याकाळची एक लहानशी गोष्ट. परतीच्या गाडीत गुरूंचा थांबा आधी होता, वृंदाचे तिकीट पुढच्या शहराचे होते. थांबा जवळ आला तशी ती म्हणाली, "सर, त्या वीस दिवसांत मी कुणाशीच बोलले नाही. लिहीत होते. तुम्हाला सोळा पत्रं लिहिली. फाडून टाकली."

"मला कुणाचेच पत्र आले नाही," गुरू म्हणाले. "रोज दुपारी मी फाटकाशी जाऊन पेटी पाहतो. येणार कुणाचे, हेही ठाऊक नसते."

वृंदा त्यांच्याकडे वळली. इतकी वर्षे ज्यांच्याकडे ती उत्तरे मागायला जात आली, त्या माणसाच्या घरात आपल्याखेरीज कुणी शिरत नाही, हे तिला पहिल्यांदाच नीट दिसले. सहा वर्षांत तिने त्यांना सणासुदीचे चार शब्द पाठवले होते. पोचले का, हे कधी विचारले नव्हते.

गाडी थांबली. कंडक्टर ओरडला. गुरू काठी टेकत उठले.

वृंदाने पिशवी उचलली आणि त्यांच्या मागोमाग उतरली.

"तुझे तिकीट पुढचे आहे," ते म्हणाले.

"असू दे. त्या सोळा पत्रांत काय होतं ते सांगते. घरी पीठ आहे ना, सर?"

"आहे," गुरू म्हणाले, आणि तिच्या चालीने चालता यावे म्हणून त्यांनी पाऊल थोडे उचलले. तिने मात्र आपले पाऊल आवरून घेतले होते.